बाडमेरचं तेल आणि त्याला अडवणारे भ्रंश

खडकवाट

राजस्थानातल्या बाडमेरच्या तेलाबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुतेक २००४ पाशी थांबतं. वाळवंटात तेल सापडलं, शेल कंपनी ज्या भागातून बाहेर पडली तिथेच केर्न या तेल कंपनीला मोठा साठा लागला, शेअर वधारले, संपलं. मंगला हे क्षेत्र जानेवारी २००४ मध्ये सापडलं आणि त्यातून उत्पादन सुरू झालं २९ ऑगस्ट २००९ रोजी. मधली साडेपाच वर्षं कशात गेली आणि त्यानंतर तिथली माणसं रोज कशाशी झगडतायत, यावर बोलायला हा धागा काढतोय. माझ्या मते ज्या भ्रंशांमुळे, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या भेगांमुळे, हे तेल तिथे अडून राहिलं, त्याच भ्रंशांच्या हालचालींनी ते बाहेर काढणंही अवघड करून ठेवलं. हे सूत्र धरलं की बाडमेरचं सगळं तंत्रज्ञान उलगडतं.

बाडमेरचं खोरं म्हणजे गाडली गेलेली खचदरी. उत्तर-दक्षिण सुमारे २०० किलोमीटर लांब, रुंदी ४० किलोमीटरच्या आत. दक्षिणेला ती गुजरातमधल्या खंभातच्या खोऱ्याला जाऊन मिळते. वर वाळू, खेजडी आणि मधूनच एखादी टेकडी. दरी कुठे दिसतच नाही, कारण ती गाळाने भरून गेली आहे आणि सगळ्यात खोल भागात हा गाळ सहा किलोमीटरच्या आसपास जाडीचा आहे. भूकवच ताणलं गेलं, तुटलं, तुटलेले ठोकळे खाली सरकताना कलले. प्रत्येक ठोकळ्याची एक बाजू खोल गेली आणि दुसरी कड वर राहिली.

मंगला हा असाच एक कललेला ठोकळा. थर आग्नेयेकडे साधारण ९ अंशांनी उतरतात आणि वरची कड भ्रंशाला टेकते. वालुकाश्मातल्या छिद्रांमधून तेल चढाच्या दिशेने सरकत गेलं, कडेशी पोचलं आणि थांबलं, कारण भ्रंशापलीकडे समोर आलेला खडक बारीक कणांचा, न झिरपणारा. वरून बाडमेर हिल या थराचं झाकण. साठ्याचा खडक फतेहगढ वालुकाश्म, जुन्या नद्यांनी आणून टाकलेली वाळू. सच्छिद्रता (खडकातल्या पोकळ जागेचा वाटा) २१ ते २८ टक्के, पार्यता (द्रव किती सहज वाहू देतो ते) सरासरी ५ डार्सीच्या घरात. इतका चांगला खडक हाती लागणं हे कुठल्याही पेट्रोलियम इंजिनिअरचं भाग्य.

पण तेल मेणचट. ते तयार झालं एका प्राचीन सरोवराच्या तळगाळात, आणि सरोवरातल्या शैवालापासून होणाऱ्या तेलात मेणाचं प्रमाण मोठं असतं. मंगलाच्या तेलात ते १८ ते २६ टक्के आहे. तापमान ४० ते ४५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की हे तेल वाहायचं थांबतं, हिवाळ्यात डब्यातलं तूप धरतं तसं. साठ्यातलं तापमान आहे ६५ अंशांच्या आसपास. म्हणजे हातात जेमतेम वीसेक अंश. हेच तेल दोन-अडीच किलोमीटर खोल असतं तर ते कितीतरी पातळ आणि गरम मिळालं असतं. पण मंगलाचा माथा जमिनीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, कारण ठोकळा कलला तेव्हा ही कड वर राहिली आणि पुढे खोऱ्याचा उत्तर भाग आणखी उचलला गेला. खोदायला सोपं, पण वाहायला कठीण. दोन्हींचं कारण एकच.

मनवा

छान सुरुवात. एक शंका आहे. तुम्ही म्हणता बाडमेर हिलचा थर वरचं झाकण आहे. पण मी वाचलं होतं की तेल तयार करणारा खडकही बाडमेर हिलच आहे. तेल वर चढतं ना? मग वरच्या थरात तयार झालेलं तेल खालच्या फतेहगढमध्ये उतरलं कसं?

खडकवाट

मनवाताई, नेमका प्रश्न विचारलात. याचं उत्तर भ्रंशातच आहे. एकाच जागी उभं राहून पाहिलं तर बाडमेर हिल वर आणि फतेहगढ खाली. पण दरीच्या खोल भागात तोच बाडमेर हिलचा थर इतका खाली गेला आहे की मंगलाच्या माथ्यावरच्या वालुकाश्मापेक्षा तो कितीतरी खोलवर आहे. तिथे तो पुरेसा तापला आणि तेल सुटलं. भ्रंशाने एका बाजूचे थर खाली ढकलले की वयाने तरुण असलेला खडक वयस्क खडकाच्या शेजारी येऊन बसतो. तेल आडवं शिरतं आणि मग चढ धरून कडेपर्यंत जातं. बाहेर पडून ते वरच सरकलंय, फक्त वर आणि खाली हे खडकाच्या वयावरून नाही, खोलीवरून मोजायचं.

खचदऱ्यांचा हा मोठा गुण आहे. तेल शिजवणारा खोल भाग आणि तेल साठवणारी उंच कड एकमेकांपासून फार दूर नसतात.

मनवा

कळलं. धन्यवाद. वाचतेय.

जुना_तेलवाला

मी बाडमेरला नव्हतो, पण दुसऱ्या एका मेणचट तेलाच्या क्षेत्रात उत्पादन विभागात बरीच वर्षं काढली आहेत. त्यामुळे त्या वीस अंशांबद्दल थोडं लिहितो, कारण बाहेरून वाचणाऱ्याला त्याची धास्ती कळणार नाही.

विहीर वाहती असते तोवर तेल आपली उष्णता घेऊन वर येतं. खरी परीक्षा विहीर बंद पडते तेव्हा. वीज गेली, पंप थांबला, वर कुठे व्हॉल्व्ह अडकला, की नळीतलं तेल जागच्या जागी थंड व्हायला लागतं. वरचे शे-दोनशे मीटर आधी. मेणाचे स्फटिक एकमेकांत गुंतले की ते पुन्हा हलवायला जो दाब लागतो तो कधीकधी आपल्याकडे असतच नाही. म्हणून विहीर थांबली की बिघाड शोधण्याआधी नळी गरम पाण्याने किंवा हलक्या तेलाने धुऊन काढायची. आमच्या शिफ्टमध्ये नवीन आलेल्या पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवलं जायचं.

मंगलामध्ये यावर जो उपाय केला तो मला मनापासून आवडतो. तिथे बऱ्याच विहिरींत जेट पंप बसवले. वरून जास्त दाबाचं गरम पाणी खाली सोडायचं, ते अरुंद तोंडातून वेगाने सुटताना साठ्यातल्या तेलाला ओढून घेतं आणि दोन्ही मिसळून वर येतात. तेल उचलणं आणि तेल गरम ठेवणं ही दोन्ही कामं एकाच पाण्याने केली. खाली फिरता भाग एकही नाही, त्यामुळे मोडण्यासारखंही फारसं काही नाही. पाणी तापवायला आणि दाबायला ऊर्जा भरपूर लागते, ती किंमत मोजावी लागते.

अनघा_व

पाइपलाइनबद्दल मी लिहू का? विद्युत अभियांत्रिकीच्या नजरेने ती विलक्षण गोष्ट आहे आणि तिचं श्रेय फार कमी वेळा दिलं जातं.

सुरुवातीचं तेल टँकरने जायचं. २०१० मध्ये मंगला ते गुजरातच्या किनाऱ्याकडे जाणारी तापवलेली पाइपलाइन सुरू झाली. सलायापर्यंत आणि पुढे भोगतच्या किनाऱ्यापर्यंत मिळून साधारण ६७० किलोमीटर. वाळवंटात हिवाळ्याच्या रात्री पारा किती उतरतो हे तिकडे राहिलेल्यांना ठाऊक असेल, आणि या तेलाला सगळा प्रवासभर ६५ अंशांच्या आसपास ठेवायचं आहे.

मुख्य नळाला बाहेरून एक बारीक पोलादी नळी जोडलेली असते आणि तिच्यात विजेची केबल. केबल दुसऱ्या टोकाला त्या नळीलाच जोडतात, म्हणजे जाणारा प्रवाह केबलमधून आणि येणारा प्रवाह नळीच्या पोलादातून. प्रवाह प्रत्यावर्ती असल्याने परतताना तो पोलादाच्या सगळ्या जाडीत पसरत नाही. नळीच्या आतल्या पृष्ठभागाच्या पातळ पापुद्र्यात तो एकवटतो आणि तिथे उष्णता निर्माण होते. बाहेरच्या अंगाला विद्युतदाब जवळजवळ शून्य, त्यामुळे नळी थेट मुख्य नळाला चिकटवता येते. वरून पॉलियुरेथेनचं जाड आवरण आणि वाटेत ठरावीक अंतरावर तापवणारी केंद्रं. लाइन काही कारणाने थांबलीच तर आतलं तेल पुन्हा तापवून चालू करता येतं, हा मला यातला सर्वांत मोठा गुण वाटतो.

शंतनू_भू

सगळ्यांचं लेखन उत्तम, पण मूळ मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही. मेण सरोवरामुळे आलं. गाळाची प्रत नद्यांमुळे आली. भ्रंशाने फक्त सापळा तयार केला. सगळं श्रेय आणि सगळा दोष भ्रंशावर टाकला की चित्र फार सरळ होतं. शिवाय मंगला हा तुलनेने साधा ठोकळा आहे, आतून फारसा तुटलेला नाही. त्यावरून सगळ्या खोऱ्याबद्दल बोलणं धोक्याचं.

खडकवाट

शंतनूजी, मंगला साधा आहे हे मान्य. पहिला मोठा शोध एवढा साधा निघाला हे त्या प्रकल्पाला फार उपकारक ठरलं. पण सरोवर वेगळं आणि भ्रंश वेगळा, असं मला म्हणवत नाही. जमीन खचली म्हणून खोलगट भाग झाला, खोलगट भागात पाणी साचलं, तेच सरोवर. कडेच्या उंच भागातून नद्या उतरल्या, त्यांचे मार्गही बऱ्याच अंशी भ्रंशांनीच आखून दिले. वाळू कुठे जाड पडली आणि चिखल कुठे, हे जमीन कुठे किती वेगाने खचत होती यावर ठरलं.

आणि या खोऱ्यात ताण एकदाच पडलेला नाही. पूर्वेच्या कडेला सरनूच्या टेकड्यांमध्ये खडक उघडे पडले आहेत. तिथल्या भ्रंशांच्या अभ्यासातून पुढे आलं की आधी क्रिटेशस काळात (डायनोसॉरांचं शेवटचं युग) वायव्य-आग्नेय दिशेने ताण पडला आणि नंतर पॅलिओसीन-इओसीनमध्ये ईशान्य-नैर्ऋत्य दिशेने. दुसऱ्या वेळी जमीन तुटली तेव्हा जुन्या भेगा आधीच हजर होत्या. काही पुन्हा सरकल्या, काहींनी नव्या भ्रंशांना वळवलं. त्यामुळे नकाशावर सरळ रेषांऐवजी कोपरे आणि नागमोडी वळणं दिसतात. सापळे अशा कोपऱ्यांवर तयार होतात आणि भूकंपलहरींच्या सर्वेक्षणात सर्वांत अस्पष्ट दिसतात तेही हेच कोपरे.

शंतनू_भू

दोन टप्प्यांचा मुद्दा पटला. सरोवरही खचण्यातूनच आलं हे बरोबर आहे. तरी उत्पादनाच्या टप्प्यात भ्रंशाचं काय काम? एकदा विहिरी खोदल्या की तो विषय संपतो ना?

जुना_तेलवाला

शंतनू, उलट तिथूनच तो सुरू होतो. शोध लागताना आपण एवढंच विचारतो की भ्रंशाने तेल अडवलं का. उत्पादनात विचारावं लागतं की आज, आमच्या दाबाखाली, हा भ्रंश पाणी अडवेल का. हे दोन प्रश्न एक नाहीत.

समज, एका ठोकळ्यात मधून लहानसा भ्रंश गेला आहे. थर पंचवीस मीटर जाड आणि भ्रंशाने ते दहा मीटर सरकवलेत. म्हणजे वाळूसमोर वाळूच आली, तेल आरपार जायला हवं. पण सरकताना मधल्या चिकणमातीचा लेप भ्रंशावर पसरला असेल तर तो पडद्यासारखा काम करतो. लाखो वर्षांत तेल त्यातूनही हळूहळू झिरपून दोन्हीकडे एकाच पातळीला आलेलं असतं, म्हणून सुरुवातीला सगळं एकसंध वाटतं. उत्पादन सुरू झालं की काही महिन्यांत एका बाजूचा दाब उतरतो, दुसऱ्या बाजूला पत्ताच नसतो. तुम्ही पाणी सोडताय एका कप्प्यात आणि तेल काढताय दुसऱ्यातून.

हे ओळखायचं कसं? नवीन विहीर खोदली की थराथराला दाब मोजायचा, पाण्यात मागोवा घेणारं रसायन सोडून ते कुठल्या विहिरीत उगवतं ते बघायचं, एक विहीर बंद करून शेजारणीच्या दाबावर परिणाम होतो का ते तपासायचं. उत्पादनातल्या माणसाची निम्मी हुशारी यात जाते. आणि पाण्याचा दाब वाढवायलाही मर्यादा असते. फार वाढवला तर खडक चिरतो किंवा भ्रंशच वाट देतो आणि पाणी नको तिथे निघून जातं.

वैशाखी

मी भूगर्भशास्त्रातली नाही, जलव्यवस्थापनात काम करते. धाग्यात सारखा पाण्याचा उल्लेख येतोय आणि मला राहवत नाही. बाडमेरसारख्या जिल्ह्यात बायका पिण्याच्या पाण्यासाठी मैलोन्‌मैल चालत आल्या आहेत. तिथे तेल ढकलायला जमिनीत पाणी सोडतात ते येतं कुठून? कृपया नीट सांगा.

खडकवाट

वैशाखीताई, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. मंगलासाठी पाणी घेतात ते थुंबली नावाच्या जलधारक थरातून. ते खारं पाणी आहे, पिण्याजोगं नाही. शिवाय तेलाबरोबर वर येणारं पाणी वेगळं करून पुन्हा खाली सोडतात. क्षेत्र जसं जुनं होतं तसं वर येणाऱ्या द्रवात पाण्याचा वाटा वाढत जातो आणि आज तिथे बहुतांश पाणीच येतं, त्यामुळे परत वापरायला ते भरपूर असतं.

हे पाणी गरम करून सोडतात, कारण थंड पाणी गेलं तर विहिरीच्या आसपास साठाच थंड होईल, तेल घट्ट होईल आणि मेण छिद्रांमध्येच बसेल. पुन्हा तेच वीस अंश.

वैशाखी

खारं पाणी म्हणून त्याचा हिशोब सुटत नाही, एवढंच नोंदवते. वाळवंटात आज खारं म्हणून सोडून दिलेलं पाणी उद्या क्षार काढून वापरायची वेळ येऊ शकते. किती उपसलं आणि त्या थराची पातळी किती उतरली, हे आकडे गावकऱ्यांना त्यांच्या भाषेत उपलब्ध असायला हवेत. तेलाच्या दराइतकीच ती सार्वजनिक माहिती आहे.

खडकवाट

पूर्ण सहमत.

मनवा

पॉलिमरबद्दल कुणी लिहील का? मंगलात पाण्यात पॉलिमर घालतात असं ऐकलंय.

जुना_तेलवाला

मंगलाचं तेल साठ्यातल्या तापमानाला साधारण १० ते २० सेंटिपॉइज (द्रवाच्या घट्टपणाचं एकक) घट्ट आहे आणि त्या तापमानाला पाणी अर्ध्या सेंटिपॉइजच्याही खाली. म्हणजे तेल पाण्यापेक्षा वीस ते चाळीस पट घट्ट. अशा वेळी पाणी तेलाला समोरून सरळ ढकलत नाही, त्यातून बोटं काढत पुढे पळतं, थेट उत्पादक विहिरीत शिरतं आणि मागे तेल तसंच राहतं. खडकाची पार्यता जिथे जास्त तिथून आधी पळतं. पाण्यात थोडं पॉलिअॅक्रिलअमाइड हे पॉलिमर, म्हणजे लांब साखळ्यांचं रसायन, मिसळलं की पाणी घट्ट होतं आणि आघाडी बरीच सरळ राहते. आधी लहान भागात प्रयोग केला आणि २०१५ च्या सुमारास सगळ्या क्षेत्रभर ते सुरू झालं. भारतात या आकाराचं काम आधी झालेलं नव्हतं. अल्कली आणि सर्फॅक्टंट (साबणासारखं रसायन) हेही घालून आणखी तेल सोडवायचा प्रायोगिक प्रकल्पही तिथे झाला.

त्रासही आहेत. पॉलिमर वर येणाऱ्या पाण्यात मिसळून येतं, तेल-पाणी वेगळं करणं अवघड करतं, हीटरच्या नळ्यांवर थर धरतं. पंपातून, व्हॉल्व्हमधून जाताना त्याच्या लांब साखळ्या तुटतात, म्हणून पाण्याचा प्रत्येक वळसा विचार करून आखावा लागतो.

अनघा_व

एक गोष्ट धाग्यात आली नाही. एवढं सगळं तापवायला इंधन कुठलं? त्यात खोऱ्याच्या दक्षिणेकडच्या रागेश्वरी या क्षेत्रातल्या नैसर्गिक वायूचा मोठा वाटा आहे. तो मंगलाच्या प्रक्रिया केंद्राला आणि पाइपलाइनच्या तापनाला वापरतात.

खडकवाट

अनघाताई, फार महत्त्वाचं लिहिलंत. दक्षिणेकडे खोरं जास्त खोल आहे. तिथे रागेश्वरीचा वायू फतेहगढच्याही खाली, ज्वालामुखीच्या खडकात सापडतो, साधारण तीन किलोमीटर खोलीवर. खडक इतका घट्ट की पाण्याच्या दाबाने त्यात अनेक टप्प्यांवर चिरा पाडल्याशिवाय वायू पुरेसा निघत नाही. एकाच खचदरीचा दक्षिणेचा खोल गेलेला भाग वायू देतो आणि त्या वायूवर उत्तरेच्या वर राहिलेल्या भागातलं तेल गरम राहतं. मी सुरुवातीला जे म्हणत होतो त्याचं याहून चांगलं उदाहरण मला देता आलं नसतं.

सागर_पे

उशिरा आलो. भाग्यम हे तेलक्षेत्र २०१२ मध्ये आणि ऐश्वर्या २०१३ मध्ये सुरू झाल्यावर बाडमेरमधून दिवसाला दोन लाख पिंपांच्या आसपास उत्पादन गेलं होतं, साधारण २०१४ ला. आता ते निम्म्याच्याही खाली आलंय. त्याच भागातल्या पचपदऱ्याला वर्षाला ९० लाख टन क्षमतेचा शुद्धीकरण कारखाना उभा राहिला, पण त्याच्या आराखड्यात राजस्थानचं तेल फक्त १५ लाख टन धरलंय, बाकी ७५ लाख टन आयात. तेल तिथेच असताना असं का? मला हे खटकतं.

खडकवाट

वर्षाला १५ लाख टन म्हणजे दिवसाला साधारण ३० हजार पिंपं. शुद्धीकरण कारखाना चाळीस-पन्नास वर्षांसाठी बांधतात आणि तेलक्षेत्राचा उतार त्याआधीच लागतो, त्यामुळे आराखडा करणाऱ्यांनी जपून आकडा धरला हे मला समजतं. खटकण्याचं कारणही समजतं. सरकार आणि कंपनी यांच्यातला उत्पादनवाटपाचा करार १९९५ चा, पंचवीस वर्षांचा, त्याला २०२० नंतर दहा वर्षांची वाढ मिळाली. एवढ्या मुदतीत कोण किती खर्च करायला तयार होईल, यावर पुढचं उत्पादन ठरेल.

मनवा

मग पुढचं तेल कुठून येणार? नवे ठोकळे उरलेत का?

खडकवाट

मोठे, उथळ, सरळ ठोकळे बहुधा सापडून गेले. माझं लक्ष आहे ते खुद्द बाडमेर हिलवर. आपण त्याला झाकण म्हटलं, तेल तयार करणारा म्हटलं. तोच आता साठा म्हणूनही वापरला जातोय. सरोवरातल्या सूक्ष्म डायटम शैवालांच्या सिलिकाच्या कवचांपासून बनलेला हा खडक. सच्छिद्रता चांगली, पण छिद्रं इतकी बारीक की तेल हलत नाही. ऐश्वर्या क्षेत्रात आडव्या विहिरी आणि जलदाबाच्या चिरा वापरून त्यातून उत्पादन घ्यायला सुरुवात झाली आहे.

शंतनू_भू

तिथे भ्रंशाचा प्रश्न पुन्हा येणार. चिरा पाडताना जवळ जुना भ्रंश असेल तर?

जुना_तेलवाला

तर दाबाने सोडलेला द्रव खडक चिरत बसण्याऐवजी भ्रंशात शिरतो. वर दाबाचा आलेख एकदम खाली येतो आणि चिरा उघड्या ठेवायला द्रवाबरोबर सोडलेली वाळू जिथे भरायची तिथे पोचत नाही. तो टप्पा वाया गेला. म्हणून आडवी विहीर आखताना आधी भ्रंशांचा नकाशा घेऊन बसायचं, विहीर कुठल्या भ्रंशाला कुठे छेदते ते खूण करून ठेवायचं आणि त्या खुणेच्या दोन्ही बाजूंना चिरा पाडायच्याच नाहीत. लहान भ्रंश सर्वेक्षणात दिसत नाहीत, ते खोदताना येणाऱ्या खडकाच्या चुऱ्यात आणि विहिरीतल्या मोजमापांत शोधावे लागतात. खडकवाट, तुमच्याकडे सरनूच्या टेकड्यांमधल्या लहान भ्रंशांचे फोटो असतील तर इथे टाका. किती मीटरांवर एक भ्रंश येतो हे उघड्या खडकात मोजता आलं, तर खाली न दिसणाऱ्यांचा अंदाज बांधता येतो.

खडकवाट

आहेत. मोजपट्टी ठेवून काढलेत. शनिवारी टाकतो.